थोरल्या चाकाचा घास

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा वजनं दगडाची असत, मापं लाकडाची असत आणि राजे इतके भराभर बदलत की कोणाचं नाव लक्षात ठेवावं हा प्रश्नच पडे. तेव्हा राजाचं नाव राहू द्या. डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं आणि त्या गावाशेजारून एक नदी उड्या मारत खाली उतरत होती, एवढं कळलं तरी पुरे.

त्या गावात एक नवल होतं. नदीच्या धारेखाली गावकऱ्यांनी मिळून एक भलंमोठं लाकडी चाक उभारलं होतं. कोणी सागाचे वासे दिले, कोणी लोखंड दिलं, ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांनी अंग मोडून बंधारा बांधला. त्यात राजाचं काही नव्हतं आणि सावकाराचंही नव्हतं. चाकाच्या कण्यावरून दोर निघत आणि कप्प्यांवरून सरकत गल्लीगल्लीतून घराघरात शिरत. बाईनं दोराचा फास जात्याच्या खुंट्याला अडकवला, की जातं आपलं आपण फिरू लागे. तेल्याचा घाणा तसाच फिरे, कुंभारणीचं चाक तसंच फिरे, आणि पाटलांच्या घरी भात कांडायचं मुसळ तसंच वर-खाली होई. परगावचा पाहुणा आला, की आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत आणि मग त्याला चाक दाखवायला नेत.

गाव त्या चाकाला 'थोरलं' म्हणे. थोरलं सगळ्यांचं होतं. एखादं पोरही पाहुण्याला ऐटीत सांगे, "आमचं आहे ते."

आता नदीचं पाणी फुकट, पण चाक फुकट नव्हतं. दोर कुजत, कप्प्या झिजत, पुरात बंधाऱ्याचे दगड वाहून जात. दोर वळणाऱ्याचं आख्खं घर या कामाला जुंपलेलं असे, त्यांच्या चुलीवर काहीतरी शिजायला हवं. म्हणून दर पौर्णिमेला प्रत्येक घर पायलीभर धान्य देई. त्याला 'थोरल्याचा घास' म्हणत.

घास गोळा करायचं काम गावच्या मीठवाल्या शेटकडे होतं. शेट शाळेत गेलेला नव्हता. जे काही शिकला ते तराजूपुढे बसून. पण माणूस गोड. दुकानात आलेल्याला मीठ द्यायच्या आधी एखादा किस्सा द्यायचा. लोक थट्टेनं म्हणत, "मीठवाल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा. त्याचं माप चुकलं तर घरी जाऊन भाजीच सांगते."

त्या कामात एक जबाबदारी मात्र अशी होती की ती आपल्या वाट्याला येऊ नये, असं शेटला नेहमी वाटे. एखाद्या घराला थोरल्याशी नातं तोडायचं असेल, तर घास गोळा करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं त्या घराचा दोर कापायचा, अशी रीत होती. आणि कापलेला दोर पुन्हा जोडता येत नसे, कारण गाठीचा दोर कप्पीतून जात नाही. सोडून गेलेल्याला नवा दोरही देत नसत; गेलेलं घर कायमचं गेलं.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एकदा घास द्यायला आलेली कुंभारीण शेटच्या ओट्यावर टेकली. बाई वयस्कर, एकटी, उजवा खांदा आखडलेला. थोरलं नसतं तर तिच्या हातून एक पणतीही झाली नसती.

"शेट, एक विचारू? माझ्या घरी इवलंसं चाक. तेलीअण्णाचा घाणा हत्तीएवढा. मी पायली देते, तोही पायलीच देतो. आम्ही दोघं एका मापाचे दिसतो का तुम्हाला?"

ओट्यावरचे लोक हसले. शेटही हसला, पण त्याला ते लागलं. बाईचं म्हणणं खरं होतं. पुढच्या बैठकीत त्यानं नवा दर मांडला. जो जितकं थोरल्याकडून फिरवून घेईल, त्यानं तितका घास द्यावा. पायलीभर दळलं की एक मूठ. घाणा ओढवून घेतला की मापटं. भट्टीएवढी मडकी झाली की एक चिपटं, म्हणजे मापट्याच्या निम्मं.

गावानं मान डोलावली. कुंभारणीनं तर शेटला नवा माठ आणून दिला. शेटच्या मनाला वाटलं, न्याय म्हणतात तो हाच.

तेली मात्र हिशेबी माणूस. त्यानं जुना बैल पुन्हा घाण्याला जुंपला. थोरल्याचा दोर त्यानं कापून दिला नाही. मनगटाएवढा जाड दोर त्याच्या दारावर तसाच लोंबत राहिला. बैल लंगडला, किंवा सणाच्या आधी तेलाची झुंबड उडाली, तरच तो घाण्याला लावायचा. एरवी दोर उन्हापावसात कुजायचा आणि दोर वळणारा तो बदलायचा. पाटलांनीही कांडणाला दोन गडी ठेवले आणि आपला जाड दोर सणासुदीपुरता राखून ठेवला.

घास कमी पडू लागला. शेटनं दर वाढवला, एका मुठीच्या दोन केल्या. तशी आणखी काही घरं हातानं दळू लागली. घास आणखी आटला. शेटनं पुन्हा दर वाढवला. जसजसा दर चढला, तसतसे खुंट्यांवरचे फास सुटत गेले. ज्यांचे हात धडधाकट होते ते निसटले. ज्यांना निसटता येत नव्हतं, त्यांच्यावर सगळं ओझं आलं.

आणि गंमत अशी, की इतकी घरं सुटूनही पहाटे थोरलं दमून जायचं. कण्हायचं, अडायचं, मध्येच थांबायचं. पाटील म्हणू लागले, "एक चाक गावाला पुरत नाही. दुसरं बांधू. प्रत्येक घरानं अर्धी सुगी द्यावी." अर्धी सुगी म्हणजे पाटलांची एक कणगी आणि गरिबाचं वर्ष.

एका सकाळी कुंभारीण पुन्हा आली. या वेळी ती ओट्यावर टेकली नाही.

"शेट, येत्या पौर्णिमेला माझा दोर कापा."

"का हो मावशी?"

"घास द्यायला माझ्याकडे मडकी आहेत, धान्य नाही. थोरलं मडकी खात नाही."

"आणि तुमचं चाक कशानं फिरवाल?"

"फिरवणार नाही. भावाकडे जाईन. त्याच्या सुनेला राखेनं भांडी घासायला कोणीतरी हवंच आहे." ती शांतपणे म्हणाली. "तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्या बऱ्यासाठीच केलंत. पण कोयत्याला धार लावून ठेवा, एका घावात तुटू दे. दोनदा ऐकायला नको."

शेटला त्या दिवशी जेवण गेलं नाही. जिच्यासाठी दर बदलला, तीच आधी बुडाली होती. आणि दोर कापायला हात त्याचाच लागणार होता.

पौर्णिमेच्या आधी त्याला मिठासाठी खालच्या बाजाराला जाणं भाग होतं. बाजाराचा दिवस होता. पोती वर आणायला गाडी ठरवायला गेला, तर गाडीवानानं नेहमीच्या दुप्पट भाडं सांगितलं.

"काय रे, लूट चालवली आहेस का?" शेट म्हणाला. "माझ्या मिठाचं वजन तेच, वाट तीच, चढ तोच."

"दिवस तो नाही ना, शेट." गाडीवान चिलीम झटकत म्हणाला. "आज सगळ्या बाजाराला गाडी हवी आहे आणि गाड्या आहेत तेवढ्याच. घाई नसेल तर उद्या या, निम्म्यात नेतो. वर तुम्हाला मामा म्हणेन."

"निम्म्यात परवडतं तुला?"

"न परवडून सांगतो कोणाला? मोकळी गाडी उभी राहिली तरी बैल कडबा खायचा थांबत नाही. खालच्या गिरणीवाल्यांसाठी तर मी एक बैल राखूनच ठेवलाय. वर्षाला कडबा पाठवतात. बैल जुंपा न जुंपा, त्यांनी कडबा द्यायचाच. वेळेला मागितला की दारात उभा हवा ना त्यांना."

शेट भाव करायला तोंड उघडणार होता, ते तसंच मिटलं. मीठ उद्यावर ठेवून तो मोकळ्या हातानं डोंगर चढू लागला. गाडीवान शेजाऱ्याला म्हणाला, "शेटनं घासाघीस केली नाही. तब्येत बरी दिसत नाही."

शेटच्या डोक्यात मात्र तराजू हलत होता. आपण इतके दिवस दुकानात बसतो ते कशाचं खातो? गिऱ्हाईक आलं म्हणून दुकान उघडत नाही, येईल म्हणून उघडं ठेवतो. तेल्याच्या दारावरचा तो जाड दोरही, त्याचा बैल कधी लंगडेल म्हणून उघडं ठेवलेलं दुकानच. त्याचं भाडं भरतं कोण? तर कुंभारीण.

अर्धं कोडं सुटलं. पण उद्या या, निम्म्यात नेतो, हे जे गाडीवान म्हणाला होता, त्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला थोरल्याच्या कण्हण्यानं जाग आली. घरात पाहतो तर शेटाणी जात्याशेजारी भिंतीला टेकून बसलेली. जातं आपलं आपण फिरतंय, थांबतंय, पुन्हा फिरतंय. ही अर्धवट झोपेत एक ओवी गुणगुणतेय आणि मधूनच जात्यात मूठ टाकतेय.

"अगं, एवढ्या पहाटे उठून काय करतेस?"

"दिसत नाही का? दळतेय."

"दळतंय जातं. तू पेंगतेस."

"मग? दळताना उठून बसायला नको?"

"पण पहाटेच का?"

शेटाणीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य पूर्वेलाच का उगवतो असं त्यानं विचारलं होतं. "अहो, दळण पहाटेच दळतात. माझी आई पहाटे दळायची, तिची आई पहाटे दळायची. उन्हं वर आली की अंगाची काहिली होते, हात चालत नाहीत."

"आता हात कुठे चालवायचेत? हात तर तुझे मांडीवर आहेत."

 शेटाणीनं जात्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली, की शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं ते.

"काही नाही हो," शेटाणी म्हणाली. "आपण सगळ्या वेड्या आहोत, एवढंच."

शेट तडक नदीकडे निघाला आणि दिवसभर थोरल्यासमोर बसून राहिला. पहाटे थोरल्यावर उरलेलं प्रत्येक जातं एकदम जोडलेलं. थोरलं गुदमरून जात होतं. उन्हं आली तसे फास सुटले. दुपारी चाक सुसाट फिरत होतं, जवळजवळ रिकामंच. पाणी तेवढंच, जोर तेवढाच, आणि दोरांच्या टोकाला कुंभारणीचं इवलंसं चाक सोडलं तर कोणी नाही. दुसरं चाक बांधायला निघालेल्या गावाचं पहिलं चाक अर्धा दिवस रिकामं होतं.

पौर्णिमा आली. वडाच्या पारावर बैठक भरली. शेटसमोर नेहमीची मापं होती आणि मापांच्या शेजारी कोयता होता. रीतच होती तशी. कुंभारीण एका कडेला बसली होती, जायच्या तयारीनं गाठोडं बांधून.

शेट म्हणाला, "मंडळी, दोर कापायच्या आधी मला थोडं बोलू द्या. पहिला दर ठरवला तेव्हा सगळे सारखे धरले, तो चुकला. दुसरा दर मी ठरवला, तोही चुकला. थोरलं काय खातं ते मी बघितलंच नाही. ते दळणाचं काही खात नाही, पाणी फुकटच आहे. ते दोर खातं, कप्प्या खातं, बंधारा खातं. म्हणून आजपासून घास दोरावर. ज्याच्या दारी जाड दोर, त्याचा घास मोठा. ज्याच्या दारी करंगळीएवढा, त्याचा चिमूटभर. दोर वापरा न वापरा."

तेली उठला. "वा शेट. मी माझ्या बैलाकडून घाणा ओढवून घ्यायचा आणि घास तुमच्या चाकाला द्यायचा? जे मी वापरत नाही त्याचं का देऊ?"

"नका देऊ अण्णा." शेटनं कोयता उचलला. "हा कोयता काढलाच आहे. दोर कापून देतो. मग तुमच्याकडे कोणी काही मागणार नाही."

तेली कोयत्याकडे बघत राहिला. "आणि बैल लंगडला तर?"

"तर बैल बरा होईपर्यंत तेल थांबेल."

"सणाच्या तोंडावर लंगडला तर?"

"तेच मी म्हणतोय, अण्णा. तुम्ही वापरता. रोज वापरता. बैल लंगडला तर, असं मनात येऊनही तुम्हाला झोप लागते ना, ती या दोरामुळे."

पारावर हशा पिकला. तेल्याच्या बायकोनं मागून सांगितलं, "झोप तर अशी लागते की घोरण्यानं बैल बुजतो."

तेली खाली बसला, पण हट्ट सोडेना. "मग मला बारीक दोर द्या."

"देतो की. बारीक दोरावर घाणा फिरला तर मलाही बोलवा बघायला."

"आणि दळणाची मूठ?" मागून कोणीतरी विचारलं.

"ती राहील, पण दोन तऱ्हेची. पहाटे फास अडकवलात तर दोन मुठी, कारण तेव्हा थोरल्याचा जीव जातो. उन्हं वर आल्यावर अडकवलात तर चिमूट. दुपारी थोरलं रिकामंच फिरतं, मी दिवसभर बसून पाहिलंय. हवं तर तुम्ही जाऊन पाहा."

बायकांच्या घोळक्यात कुजबुज सुरू झाली. गाडीवानांना भाकऱ्या करून विकणारी एक बाई म्हणाली, "शेट, माझं काय? माझी गिऱ्हाइकं उजाडायच्या आत निघतात. मला पहाटेच पीठ लागतं."

 शेटच्या आधी शेटाणीच बोलली. "अगं, तुला पहाटे पीठ लागतं. पहाटे दळण कुठे लागतं? काल दुपारी दळलेलं पीठ आज सकाळी तुझ्यावर रुसतं का?"

भाकरीवाली म्हणाली, "माझ्या सासूला सांगा ना हे. ती रुसते." पण म्हणता म्हणता ती हसली.

एका म्हाताऱ्या बाईला हे पटलं नाही. पहाटेचं पीठच देवाला चालतं, असं तिचं म्हणणं होतं. शेटनं हात जोडले. "चालू द्या आजी. ज्याला पहाटेचं हवं त्यानं पहाटेचं घ्यावं. मी कोणाचा दोर बांधून ठेवत नाही. फक्त पहाटेचा घास द्यावा."

पाटील इतका वेळ मिशीला हात लावून बसले होते. त्यांच्या मनातलं दुसरं चाक पारावर सगळ्यांच्या देखत विरघळत होतं. पण पाटील मोठे जमीनदार होते, मूर्ख नव्हते. "म्हणजे माझं मुसळ दुपारी चाललं, तर दुसरं चाक बांधायला नको?"

"नको."

"आणि माझी अर्धी सुगी माझ्याच कणगीत?"

"तुमची तिथे, सगळ्यांची आपापल्या कणगीत."

"मग लिहून घ्यायलाही नको," पाटील म्हणाले. "ठरलं."

तेली अजून बोटांवर काहीतरी मोजत होता. मोजून झालं तसा तो सावकाश म्हणाला, "शेट, समजा मी घाणा दुपारीच लावला. रोज. मग माझा घास बैलाच्या कडब्यापेक्षा जास्त होतो की कमी?"

"तुम्ही आत्ता मोजलंत ना. काय आलं?"

तेल्याचा चेहरा उजळला. "बैल पाटलांना विकीन म्हणतो," त्यानं जाहीर केलं. "नांगराला चांगला आहे. थोडा लंगडतो एवढंच."

शेट कोयता हातात घेऊन कुंभारणीपाशी गेला. 

"मावशी, तुमचा दोर करंगळीएवढा. मडकी तुम्ही दिवसा घडवता, पहाटे कधीच नाही. तुमचा घास पहिल्या पायलीच्या चौथ्या हिश्शाहून कमी होतो. आता सांगा. कापू?"

कुंभारणीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कोयत्याकडे. मग गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. भाकरीवालीनं पुढे होऊन सोडून दिली.

"भावाच्या सुनेला निरोप पाठवा," कुंभारीण म्हणाली. "म्हणावं, भांडी घासायला दुसरी कोणीतरी बघ."

शेटनं कोयता कमरेला खोवला आणि तिथेच, तिच्या शेजारी, खाली बसला. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली होती.

पुढच्या पौर्णिमेला घास पुरून वर उरला. दोर वळणाऱ्यानं कुजलेले दोर बदलले, बंधाऱ्याचे सुटलेले दगड बसवले. पहाटे आता थोडीच जाती फिरत, आणि थोरलं न कण्हता फिरे. दुपारी गल्लीत घाण्याची कुरकुर, मुसळाची धपधप आणि जात्यांची घरघर ऐकू येई. सुटलेले फास एकेक करून पुन्हा खुंट्यांवर चढले, कारण आता हातानं दळणं हेच महाग पडू लागलं होतं. सुगी ज्याच्या त्याच्या कणगीत राहिली. आणि कुंभारणीच्या दारात ओळीनं वाळत घातलेली मडकी इतकी झाली, की रस्त्यानं जाणाऱ्याला वळसा घालून जावं लागे.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, एवढं ध्यानात ठेवा: सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूचा दर ठरवताना कोण किती घेतो एवढंच पाहू नये, कोणासाठी काय तयार ठेवावं लागतं आणि कोण कोणत्या वेळी मागतो, हेही पाहावं.